वर्गातील नवे तंत्र आणि विशेष शिक्षकाचे शिक्षण

(जागतिक दिव्यांग दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली ३ डिसेंबर हा दिवस दिव्यांग व्यक्तींसाठी मुक्रर केला. या दिवशी शिबिरे भरवावीत, श्रवणयंत्रे व चाकाच्या खुर्च्या वाटाव्यात, मान्यवरांचे सत्कार करावेत, अशी प्रथा सर्वत्र आहे आणि ती चांगलीच आहे. आज मात्र आपल्या अनुमतीने मी रुग्णालयाच्या भिंतींबाहेरचा एक विषय मांडणार आहे. दिव्यांग मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकाला वर्गातील नवे तंत्रज्ञान शिकताना कोणत्या वाटेने जावे लागते, आणि त्या वाटेवर आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेचे काही कर्तव्य आहे काय, हा तो विषय होय.

रुग्णालयाने शाळेची चौकशी का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या बाह्यरुग्ण विभागातच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मजात व्यंग, आजार, पोषणातील उणिवा आणि विकासातील विलंब या चार गोष्टींसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत व शाळेत तपासणी व्हावी, अशी त्याची योजना आहे. अशा तपासणीतून मूल आपल्याकडे येते, निदान होते, यंत्र किंवा साधन मिळते आणि आपल्या दप्तरी त्या मुलाचा कागद पूर्ण होतो. पण मुलाचा दिवस तेथून पुढे सुरू होतो, आणि त्या दिवसाचे पाच-सहा तास तरी ते मूल शिक्षकासमोर बसलेले असते. आपण दिलेले साधन त्या तासांत उपयोगी पडले नाही, तर आपले निदान अचूक असूनही काम अर्धेच राहिले, असे म्हणावे लागेल.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात ते एकवीस झाले. या अधिनियमाच्या सतराव्या कलमाकडे मी विश्वस्तांचे लक्ष वेधू इच्छितो. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, शिक्षणसाहित्य व योग्य साधने विनामूल्य द्यावीत, असे त्या कलमात आहे. त्याच कलमात शिक्षकांना प्रशिक्षित करावे, ब्रेल व सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमावेत, असेही आहे. साधन आणि शिक्षक कायद्याने एकाच कलमात बसविले आहेत. आपल्या देणग्यांमध्ये मात्र बहुधा पहिलेच दिसते.

या संदर्भात एका विशेष शिक्षिकेचा अनुभव मी आपल्यापुढे ठेवतो. आपल्या तपासणी शिबिरांना त्या अनेक वर्षे मुलांना घेऊन येतात. आपले नाव सांगू नये, अशी त्यांची इच्छा असल्यामुळे मी त्यांना केवळ 'बाई' म्हणेन. मरवडे, नंदेश्वर, हुलजंती अशा गावांच्या वाटा तुडवीत त्यांनी वीसहून अधिक वर्षे सेवा केली आहे. त्यांचा एक वर्ग नाही. एका गावात दृष्टिबाधित मुलगी, दुसऱ्या गावात कर्णबधिर मुलगा, तिसऱ्या गावात मेंदूच्या पक्षाघातामुळे बोलू न शकणारे मूल, असा त्यांचा वर्ग तालुकाभर विखुरलेला आहे.

बाईंना तंत्रज्ञानाचे पहिले प्रशिक्षण मिळाले ते एका दिवसाचे. मोठ्या सभागृहात पडद्यावर चित्रे दाखविली गेली, सायंकाळी प्रमाणपत्र मिळाले. त्या वेळी त्यांच्या हाती कोणतेही यंत्र नव्हते. यंत्र आले ते बऱ्याच काळाने, आणि तोपर्यंत प्रशिक्षणातले फारसे काही स्मरणात उरले नव्हते. यंत्राची नोंद शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये झाली. हरवले वा बिघडले तर भरपाई कोणी करावयाची, हा प्रश्न सर्वांच्याच मनात असल्यामुळे ते कपाटात सुरक्षित राहिले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. ज्या वस्तूचा उपयोग ठाऊक नाही आणि जिची जबाबदारी मात्र आपल्यावर आहे, ती वस्तू कुलपात ठेवणे हा मनुष्यस्वभावच आहे.

कुलूप उघडले ते एका विद्यार्थ्यामुळे. बाईंनी लहानपणी ब्रेल शिकविलेला एक दृष्टिहीन मुलगा महाविद्यालयात गेला आणि सुटीत त्यांना भेटावयास आला. त्याच्या साध्या मोबाइलमध्ये टॉकबॅक नावाची सोय चालू होती. पडद्यावर बोट फिरेल तेथील अक्षरे तो फोन वाचून दाखवीत होता. त्या मुलाने आपल्या बाईंना डोळे मिटावयास लावले आणि फोन कसा वापरावा हे शिकविले. पहिले दोन दिवस साधा फोन उचलणेही जमले नाही, असे बाई हसून सांगतात. संगणकासाठी एनव्हीडीए हा पडदा-वाचक विनामूल्य मिळतो, हेही त्याच मुलाकडून कळले. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने २००६ साली त्याचे काम आरंभिले होते. महागडे सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून थांबण्याचे कारण तेथे संपले.

परंतु पुढची अडचण कोणत्याही प्रशिक्षणात सांगितली गेली नव्हती. बाईंनी अनेक वर्षे खपून मराठीतून धडे टंकलिखित करून ठेवले होते. ते संगणकाला वाचावयास दिले, तेव्हा तो निरर्थक रोमन अक्षरे बडबडू लागला. कारण असे की जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे केवळ चित्र बसविलेले असते. आपल्या डोळ्यांना 'क' दिसतो, यंत्राच्या दृष्टीने तेथे रोमन अक्षरच असते. युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक असतो, म्हणून यंत्र ते ओळखते आणि वाचते. छापील पानाचे छायाचित्र घेऊन साठविलेली फाइलही अशीच मुकी असते, तिच्यातील अक्षरे आधी ओळखून घ्यावी लागतात. हे उमगल्यावर बाईंनी आपले धडे एकेक करून युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित केले. त्या कामाला कित्येक सुट्या लागल्या. त्या सुट्यांची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये नाही.

मित्रहो, हे आजचेच आहे असे नाही. लुई ब्रेल यांनी सहा टिंबांची लिपी १८२४ च्या सुमारास सिद्ध केली. मुंबईत ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनी १९०० साली अंधांसाठी शाळा सुरू केली. त्या काळी आणि त्यानंतरही भारतात ब्रेलच्या अनेक निरनिराळ्या पद्धती चालत. एका प्रांतातील पुस्तक दुसऱ्या प्रांतातील मुलाच्या बोटांना वाचता येत नसे. १९५१ मध्ये भारती ब्रेल ही सामाईक पद्धती स्वीकारली गेली, तेव्हा तो घोळ मिटला. ब्रेलची पाटी आणि टोचणी घेऊन लिहिताना उजवीकडून डावीकडे, उलट्या क्रमाने टोचावे लागते, म्हणजे कागद उलटल्यावर ते सरळ वाचता येते. डोळस शिक्षकाला हे अंगवळणी पडण्यासाठी महिनोन् महिने सराव करावा लागतो. तेव्हाही शाळेत ब्रेलचे सामान येऊन पडल्याने मूल वाचू लागत नसे. शिक्षकाची बोटे तयार झाली की मगच मुलाची होत. आजच्या फॉन्टचा घोळ हा त्या ब्रेलच्या घोळाचाच धाकटा भाऊ आहे.

आता कर्णबधिर मुलाकडे वळू. आपण श्रवणयंत्र दिले की मूल ऐकू लागले, असा आपला सर्वांचा समज असतो. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण शिक्षकाच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि बाकांचे खरखरणेही मोठे करते. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे सहा डेसिबलने उतरते, म्हणजे मागच्या बाकावर शिक्षकाचा शब्द क्षीण आणि वर्गाचा गोंगाट प्रबळ. यावर उपाय म्हणून शिक्षकाच्या गळ्याशी लहानसा मायक्रोफोन लावतात आणि त्याचा आवाज थेट मुलाच्या यंत्रात पोहोचवितात. बाईंना असा संच प्रथम मिळाला, तेव्हा मधल्या सुटीत तो बंद करावयाचा राहून गेला. शिक्षक-खोलीतील गप्पा मुलाने मैदानावर उभे राहून ऐकल्या आणि तास सुरू होताच त्या जशाच्या तशा सांगितल्या. सर्वांची हसून पुरेवाट झाली. पण त्या दिवसापासून बाईंनी आपल्या शिकविण्याचीच फेररचना केली. फळ्याकडे तोंड करून बोलावयाचे नाही, दुसरा विद्यार्थी उत्तर देताना मायक्रोफोन त्याच्या तोंडाशी न्यावयाचा, मुलाचा बाक पंख्यापासून दूर घ्यावयाचा. आपल्या श्रवणतज्ज्ञांनी त्यांना आणखी एक गोष्ट शिकविली. मूल वाढते तसा कान वाढतो, म्हणून कानातील साचा वेळोवेळी बदलावा लागतो; तो सैल झाला की यंत्र शिट्टी मारते. पूर्वी शिट्टी वाजली की वर्गात यंत्र काढून ठेवावयास सांगत. आता शिट्टी वाजली की मुलाला आपल्याकडे पाठवितात.

जी मुले सांकेतिक भाषेने बोलतात, त्यांच्यासाठी नवी दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने शब्दकोश तयार केला. २०१८ च्या पहिल्या आवृत्तीत तीन हजार शब्द होते, २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते दहा हजार झाले. प्रत्येक शब्दाची खूण चित्रफितीत पाहता येते. खेड्यातील शिक्षकाला तालुक्याचे गाव न सोडता रोज पाच खुणा शिकता येतील, अशी ही सोय आहे. रोजची ती पंधरा मिनिटे मात्र त्याला कोणीतरी मोकळी करून द्यावयास हवीत.

बोलू न शकणाऱ्या मुलांच्या बाबतीत बाईंचा अनुभव मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प विभागात जेलो नावाचे एक विनामूल्य ॲप तयार झाले आहे. त्यातील चित्रावर बोट ठेवले की फोन मुलाच्या वतीने बोलतो. मराठीतही ते उपलब्ध आहे. अशा एका मुलाच्या आजीला भीती वाटत होती की फोनच बोलू लागला तर नातू कधीच बोलणार नाही. ही भीती अनेक घरांत असते, आणि ती निराधार आहे, असे आपल्या वाचा-उपचार तज्ज्ञांचे स्पष्ट मत आहे. संवादाची गोडी लागली की उच्चाराचा प्रयत्न कमी होत नाही. बाईंना येथे फोन वापरावयास शिकणे अवघड गेले नाही. अवघड गेले ते थांबणे. मुलाने चित्र शोधावे, बोट स्थिर करावे, दाबावे, यास कधी कधी अर्धे मिनिट लागते. प्रश्न विचारून अर्धे मिनिट गप्प राहणे शिक्षकाच्या अंगवळणी नसते. तेवढ्यात आपणच उत्तर सांगून मोकळे व्हावे, असा मोह होतो. तो मोह आवरावयास शिकलो तेव्हा ते यंत्र त्या मुलाचे झाले, असे बाई म्हणाल्या.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि शाळा बंद झाल्या. सर्वत्र ऑनलाइन शिक्षणाचा गजर झाला. बाईंच्या विद्यार्थ्यांच्या घरी बहुधा एकच फोन होता आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर असे. म्हणून बाई आपले पाठ रात्री पाठवू लागल्या. आईला वाचता येत नसेल तेथे लेखी सूचनेऐवजी आवाजाची चिठ्ठी पाठवू लागल्या. चित्रफीत दोन मिनिटांहून मोठी करीत नसत, कारण मोठी फाइल उतरतच नसे. काही दिवसांनी त्यांनी हा प्रवाह उलटा केला. मूल जेवताना, लिहिताना, पायरी चढताना आईनेच छोटी चित्रफीत काढून पाठवावी, असे सांगितले. मुलाचे मनगट कसे वळते, पाठ कोठे टेकते, हे घरातल्या घरात दिसू लागले. त्यांतील काही चित्रफिती त्यांनी आपल्या भौतिकोपचार तज्ज्ञांना दाखविल्या आणि त्यावरून व्यायाम बदलले गेले. शाळा, रुग्णालय आणि आई ही तिघे एका मुलाविषयी एकाच वेळी बोलत आहेत, असा योग त्या काळात प्रथमच जुळून आला.

शिक्षकाने स्वतः खटपट करून तंत्र आपलेसे केले तर काय घडते, याचे उदाहरण आपल्याच सोलापूर जिल्ह्यात आहे. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे तत्कालीन शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे दिव्यांग दिनीच, दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यामागे ध्वनिमुद्रित कविता, चित्रफिती व अभ्यास त्यांनी जोडले. मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या साधनाची जोड देऊन विशेष गरजा असलेल्या मुलींनाही ती पुस्तके वापरता यावीत, असा त्यांचा प्रयत्न होता. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड आले. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. मला यात एक गोष्ट विशेष वाटते. कागदावर छापलेल्या एका चौकोनाला किंमत अशी नव्हती. मोल होते ते त्यामागे काय ठेवावे हे जाणणाऱ्या शिक्षकाच्या वेळेला.

आता मी माझ्या विषयाकडे, म्हणजे हिशेबाकडे येतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि माझे आयुष्य जमाखर्चात गेले आहे. यंत्र विकत घेतले की तो भांडवली खर्च होतो. ताळेबंदात ते मालमत्ता म्हणून झळकते, त्यावर देणगीदाराच्या नावाची पट्टी लागते, अहवालात छायाचित्र येते. शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा, प्रवासभाड्याचा, बॅटऱ्यांचा आणि दुरुस्तीचा खर्च मात्र महसुली असतो. वर्षाअखेर तो संपला म्हणून लिहिला जातो आणि त्याचे काही दिसत नाही. हिशेबशास्त्राला धरून हे योग्यच आहे. पण वर्गात जाऊन पाहिले तर उलट चित्र दिसते. यंत्रावर पहिल्या वर्षापासून घसारा लागतो. शिकलेली बाई मात्र दरवर्षी नव्या मुलांना शिकविते, शेजारच्या शाळेतील शिक्षकाला शिकविते, आणि तिचे मोल वाढत जाते. ताळेबंदात ज्याला स्थान नाही, तीच या कामातील टिकाऊ मालमत्ता आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली अशी की साधनांसाठी येणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांतील तीस रुपये ते साधन वापरावयास शिकविणे, दुरुस्ती व बॅटऱ्या यांसाठी राखून ठेवावेत. दुसरी अशी की महिन्यातून एका दुपारी आपले श्रवणतज्ज्ञ, वाचा-उपचार तज्ज्ञ व भौतिकोपचार तज्ज्ञ यांनी तालुक्यातील विशेष शिक्षकांसमवेत बसावे, त्या वेळी यंत्र शिक्षकाच्या हाती असावे आणि शक्य तेथे मूल व पालक समोर असावेत. शिक्षकांचे जाण्यायेण्याचे भाडे रुग्णालयाने द्यावे. तिसरी सूचना बिनखर्चाची आहे. आपला वार्षिक अहवाल, रुग्णांसाठीची सूचनापत्रके व घरी जाताना दिला जाणारा कागद युनिकोडमध्ये तयार करून मागेल त्याला फाइलच्या रूपाने द्यावा, म्हणजे दृष्टिहीन पालकाला किंवा देणगीदारालाही तो कानांनी वाचता येईल.

यातील पहिल्या सूचनेसाठी देणगीदारांचे सहकार्य अनिवार्य आहे. विशिष्ट हेतूसाठी दिलेली देणगी त्याच हेतूसाठी खर्च करणे आमच्यावर बंधनकारक असते आणि लेखापरीक्षक ते काटेकोरपणे पाहतात. आपण पत्रात केवळ 'श्रवणयंत्रांसाठी' असे लिहिले, तर त्यातील एक रुपयाही आम्हाला शिक्षकाच्या शिक्षणाकडे वळविता येत नाही. म्हणून माझी आपणास प्रार्थना आहे की यापुढे देणगीपत्रात 'साधने आणि त्यांचा वापर शिकविण्यासाठी' एवढे शब्द लिहावेत. या रकमेवर आपल्या नावाची पट्टी लावता येणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

दामाजीपंतांच्या गावात दात्यांपुढे अधिक बोलण्याची आवश्यकता नाही. दुष्काळात त्यांनी धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली, ही कथा येथील लहान मूलही जाणते. धान्य कोठारात आधीपासून होतेच. लोकांच्या मुखी ते गेले, ते कोणीतरी कोठाराचे दार उघडले म्हणून. आपल्या तालुक्यातील शाळांच्या कपाटांत आज जी साधने आहेत, त्यांच्याविषयी याहून वेगळे काय सांगावे?

पालकांना एकच विनंती करतो. मुलाला साधन मिळाले की ते घेऊन एकदा त्याच्या शिक्षकाला भेटा आणि त्या शिक्षकाला आपल्या रुग्णालयात येण्याचे आमच्या वतीने आमंत्रण द्या. त्यांना यंत्र येत नसेल तर त्यात संकोच मानण्यासारखे काहीही नाही, हेही सांगा. आमच्या बाई स्वतःच्या विद्यार्थ्याकडून शिकल्या, आणि आज त्या इतरांना शिकवितात.

 विश्वस्त मंडळ या सूचनांचा सहृदयतेने विचार करील, असा विश्वास व्यक्त करून आपली रजा घेतो.